शिंगं जुनी, अंगरखे नवे: अ‍ॅबट्स ब्रॉमलीच्या एका फोटोचं प्रकरण

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांचे जुने फोटो बघत बसलं की तासाभरात सगळे एकसारखे दिसायला लागतात. गवतानं शाकारलेलं छप्पर, चर्चचा मनोरा, रस्त्याच्या मधोमध कॅमेऱ्याकडे टक लावून उभी पोरं, दारात पांढऱ्या एप्रनमधली बाई. यातले बरेचसे फोटो मुळात विकायला काढलेले होते. फ्रान्सिस फ्रिथ या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यानं १८६० च्या सुमारास लंडनच्या दक्षिणेला रायगेट इथे कंपनी काढली आणि देशातल्या गावागावांची चित्रं घाऊक भावानं बाजारात आणली. पुढे पिक्चर पोस्टकार्डं आली आणि हा धंदा आणखी फुगला. सहलीला आलेल्याला घरी पाठवायला जे आवडेल तेच कार्डावर आलं. उकिरडा आला नाही, गळकं छप्परही आलं नाही.

मी इथे घेतलेला फोटो या ढिगातला नाही. तो विकायला काढला नव्हता, पुरावा म्हणून काढला होता. शंभर-दोनशे वर्षांनी कुणी विचारलं की तुमची खेडी कशी होती, तर हे दाखवायचं, असा त्यामागचा चोख हेतू. म्हणून तर तो तपासायला घेतला. पोस्टकार्डाला खोटं ठरवण्यात काय मोठेपणा?

फोटो एकोणिसावं शतक संपत असतानाचा. काढणारे सर बेंजामिन स्टोन. गाव स्टॅफर्डशर परगण्यातलं अ‍ॅबट्स ब्रॉमली. चित्रात गावचा शिंगनाच करणारी मंडळी ओळीनं उभी आहेत. सहा जणांच्या हाती भलीमोठी फाटेफुटलेली शिंगं, लाकडी मुंडक्यांवर बसवलेली. सोबत कमरेभोवती लाकडी घोडा बांधलेला गडी, धनुष्यबाणवाला, विदूषक, आणि बाईचे कपडे घातलेला एक पुरुष. ही बाई म्हणजे ‘मेड मॅरियन’, रॉबिन हूडच्या गोष्टीतली. सगळे गंभीर. नाचायला निघालेली माणसं इतकी गंभीर दिसतात याचंच पहिल्यांदा नवल वाटतं. नीट पाहिलं तर चेहरे शेतात आणि गोठ्यात राबणाऱ्यांचे, उन्हानं रापलेले. कपडे मात्र नाटकातले.

या फोटोकडे लोक फार वर्षं एकाच नजरेनं पाहत आले: हे बघा, हजारो वर्षांपूर्वीचं इंग्लंड कसं या कोपऱ्यात जिवंत उरलं होतं. ही नजर कितपत खरी?

फोटो काढणारा माणूस

जॉन बेंजामिन स्टोन यांचा जन्म १८३८ चा, बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला. वडिलांचा काचेचा कारखाना. घरचा धंदा काचेचा आणि छंदही काचेचाच निघाला, कारण त्या काळी निगेटिव्ह काचेच्या पट्टीवर घ्यायचे. पैसा भरपूर, प्रवासाची हौस दांडगी, जोडीला राजकारण. सटन कोल्डफील्डचे पहिले महापौर, १८९२ मध्ये ‘सर’, आणि १८९५ पासून १९१० पर्यंत पूर्व बर्मिंगहॅमचे हुजूर पक्षाचे खासदार.

आधी ते जगभरचे फोटो विकत घेऊन जमवायचे. विकतचे फोटो मनासारखे मिळेनात, म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी स्वतःच कॅमेरा उचलला. उचलला तो कायमचा. पार्लमेंटच्या आवारात, थेम्सच्या काठच्या गच्चीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या खासदारांना आणि पाहुण्यांना उभं करून ते फोटो काढत. खासदार असल्यामुळे अशी दारं उघडत, जिथं साध्या फोटोग्राफरला पहारेकऱ्यानंच परत पाठवलं असतं.

याच सुमाराला बर्मिंगहॅममध्ये एक कल्पना मूळ धरत होती. जेरोम हॅरिसन या भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकानं १८८९ मध्ये मांडलं की आपल्या वॉरिकशर परगण्याची फोटोतून पाहणी करावी. जुनी घरं, चर्चं, पूल, रस्ते, चालीरीती, सगळं गावोगाव जाऊन टिपावं, एका मापाचं करावं, खाली नीट माहिती लिहावी आणि ग्रंथालयात ठेवावं. हौशी फोटोग्राफर तर गल्लोगल्ली झालेच होते. सूर्यास्त आणि मांजरं टिपण्यात ते काचा वाया घालवत होते, त्यांना कामाला लावायचं. स्टोन या पाहणीत उतरले आणि पुढे १८९७ मध्ये हीच कल्पना त्यांनी देशभर नेली. त्या वर्षी निघालेल्या राष्ट्रीय फोटो-नोंद संघटनेचे ते अध्यक्ष. जमलेले फोटो ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायचे.

या मंडळींचे नियम वाचले की कौतुक वाटतं. छापील प्रती प्लॅटिनमच्या किंवा कार्बनच्या हव्यात. साध्या चांदीच्या फोटोवर काही वर्षांत पिवळट झाक येते. प्लॅटिनम कागदाच्या तंतूंतच बसतं आणि कागद टिकेल तोवर फिकं पडत नाही. खर्च जास्त, पण डोळ्यांसमोर गिऱ्हाईक नव्हतंच, पुढची शतकं होती. फोटो सुंदर दिसावा म्हणून धुकं, मऊ कडा, स्वप्नाळू उजेड असलं काही चालायचं नाही. सगळं ठळक, सरळ समोरून. त्या काळात कलावंत म्हणवणारे फोटोग्राफर नेमके उलट्या दिशेनं चालले होते. उत्तरेकडे व्हिटबीच्या बंदरात फ्रँक सटक्लिफ सकाळच्या धुक्यात आणि धुराड्यांच्या धुरात कोळ्यांची अप्रतिम चित्रं काढत होते. स्टोन यांच्या फोटोंत तसलं काव्य शोधू नये, मिळणार नाही. भिंतीसमोर माणूस उभा करायचा, पायापासून डोक्यापर्यंत घ्यायचा, संपलं. मला स्वतःला हा रूक्षपणा आवडतो. असा फोटो गळ्यात पडत नाही.

एवढी घाई कशाची होती, तेही सांगायला हवं. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये शहरी लोकसंख्या पहिल्यांदा ग्रामीणपेक्षा जास्त भरली. १९०१ पर्यंत पाऊण हिश्श्याहून अधिक लोक शहरांत होते. मधल्या काळात अमेरिकेचं स्वस्त धान्य बोटींनी येऊ लागलं, गव्हाचे भाव कोसळले, शेतमजूर गिरण्या-कारखान्यांकडे निघाले. खेडं रिकामं होत होतं, आणि शहरातल्या सुखवस्तू माणसाला ते तेवढंच प्यारं वाटायला लागलं होतं. त्यात अभ्यासकांची एक लाडकी समजूत होती. एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये ‘अवशेष’ ही कल्पना रूढ केली: समाज पुढे सरकतो, पण जुन्या श्रद्धांचे तुकडे खेडुतांच्या खेळांत आणि सणांत अर्थ हरवून तसेच पडून राहतात. १८७८ मध्ये लंडनला लोकविद्येची संस्था निघाली आणि असे तुकडे गोळा करणाऱ्यांची रांग लागली. डोक्यात ही समजूत घेऊन एखाद्यानं शिंगांचा नाच पाहिला, तर त्याला आदिमानवाची शिकारीची पूजाच दिसणार.

गाव आणि त्याचा सोमवार

अ‍ॅबट्स ब्रॉमलीला खेडं म्हणावं की बाजारपेठेचं छोटं शहर, हा जुना प्रश्न. तेराव्या शतकात बाजाराची सनद मिळालेलं हे ठिकाण. चौकात अजून लाकडी खांबांवरची ‘बटर क्रॉस’ नावाची छपरी उभी आहे. लोणी-चीज विकायला येणाऱ्या बायका तिथं बसत. मालकी बर्टनच्या मठाची, म्हणून नावात ‘अ‍ॅबट’. आठव्या हेन्रीनं मठ मोडले तेव्हा ती पॅजेट घराण्याकडे गेली आणि काही काळ गावाला पॅजेट्स ब्रॉमलीही म्हणत. बाजार मागे पडला, गाव उरलं.

नाचाचा दिवस ठरलेला: ४ सप्टेंबरनंतरच्या पहिल्या रविवारला लागून येणारा सोमवार. सकाळी आठच्या सुमाराला सेंट निकोलस चर्चमधून शिंगं बाहेर काढतात. मग दिवसभर फेरी. शेतवाडी, मोठी घरं, दारूचे गुत्ते, आणि बॅगट घराण्याचा ब्लिथफील्डचा वाडा. सोळा-एक किलोमीटरची पायपीट होते आणि रात्री शिंगं परत चर्चमध्ये. सगळ्यांत जड शिंगं साडेअकरा किलोंच्या आसपास, हलकी सात किलोंच्या वर. सर्वांत रुंद जोडी टोकापासून टोकापर्यंत एक मीटरच्या आसपास. आपल्याकडे नाशिक-पालघरच्या बोहाड्यात जड मुखवटा बांधून नाचणाऱ्याला विचारा, एवढं ओझं घेऊन दिवसभर फिरणं काय असतं. उड्या मारायचा प्रश्नच येत नाही. नाच म्हणजे तालात चालणंच. आधी एकामागोमाग एक सापासारखी वळणं, मग गोल, मग दोन ओळी समोरासमोर. शिंगं खाली करून एकमेकांवर चालून जायचं, मागे सरायचं, पुन्हा पुढे, आणि शेवटी एकमेकांना ओलांडून पलीकडे. बाजूला मेलोडियन नावाची छोटी पेटी आणि ट्रँगल. धनुष्यवाला बाण सोडत नाही, नुसता दोरी ओढून खट्ट आवाज काढतो. मेड मॅरियन लोकांपुढे लाकडी पळी धरते, पैशांसाठी.

शिंगं धरण्याचा मान गावातल्या ठरावीक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

चित्रातल्या वस्तूंची वयं

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. फोटोतली प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिचं वय विचारायचं. फोटो सगळ्यांना एकाच क्षणात बसवतो, त्यामुळे सगळं एकाच वयाचं वाटतं, आणि तिथेच आपण फसतो.

आधी पोशाख, कारण डोळा तिथेच जातो. अंगरखे आणि टोप्या पाहून वाटतं, शेक्सपिअरच्या काळातून ही माणसं थेट चालत आली. प्रत्यक्षात हा सगळा थाट १८८० च्या आसपासचा. त्याआधी नाचणारे आपले रोजचेच कपडे घालत, त्यांवर फिती आणि रंगीत कापडाचे तुकडे टाकत. गावच्या पाद्र्याच्या बायकोला ते गबाळं वाटलं असावं. तिनं सोळाव्या शतकाच्या धाटणीचे पोशाख बेतले, आणि गावात सांगतात की कापड आलं ते पाद्र्याच्या घरचे जुने पडदे उतरवून. स्टोन यांनी कॅमेरा लावला तेव्हा हे ‘प्राचीन’ कपडे जेमतेम वीस वर्षांचे होते. फोटोत ओळीत उभ्या असलेल्या थोराड माणसांना लहानपणी पाहिलेला बिनपोशाखाचा नाच नक्की आठवत असणार.

आता पात्रं. या नाचाची पहिली सविस्तर नोंद १६८६ ची, रॉबर्ट प्लॉट यांनी स्टॅफर्डशरवर लिहिलेल्या ग्रंथातली. प्लॉट म्हणजे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे पहिले प्रमुख, बारीक नजरेचे गृहस्थ. त्यांच्या वर्णनात पातळ फळ्यांचा घोडा आहे, धनुष्याच्या बाणाचा खट्ट आवाज आहे, रेनडिअरची सहा मुंडकी आहेत, तीन पांढरी रंगवलेली, तीन तांबडी. शिंगांच्या रुंद भागावर तिथल्या मोठ्या घराण्यांची चिन्हंही काढलेली होती. पण मेड मॅरियन नाही. विदूषक नाही. धनुष्यसुद्धा वेगळ्या माणसाकडे नाही, घोडेवाल्याच्याच हातात आहे. म्हणजे चित्रातली निदान तीन सोंगं प्लॉट यांच्यानंतर कधीतरी आत शिरली. नाताळ, नवं वर्ष आणि नाताळनंतरचा बारावा दिवस हे तेव्हाचे नाचाचे दिवस. सप्टेंबरचा सोमवार तेव्हा नव्हताच.

प्लॉट यांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे. ती फोटोत येणं शक्य नव्हतं, पण मला सगळ्यांत मोलाची तीच वाटते. या नाचाला एक हंडा असे. गावातले चार-पाच प्रमुख आळीपाळीनं तो सांभाळत, त्यात केक आणि एल नावाची बिअर ठेवत. येणारा-जाणारा, गावचा आणि परगावचा, एकेक पेनी टाकी. खाण्यापिण्याचा खर्च भागला की उरलेल्या पैशांतून चर्चची डागडुजी आणि गावातल्या गरिबांचा सांभाळ. म्हणजे हा नाच गावची वर्गणी होती. जादूटोणा नाही, शिकारीचा देव नाही. छपराची कौलं आणि म्हाताऱ्यांची भाकर. मॅरियनच्या हातातली ती लाकडी पळी या हिशोबाची शेवटची खूण. फोटो पाहणाऱ्यांनी तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं.

प्लॉट यांच्या भाषेतलाही एक धागा सोडू नये. लोकांच्या आठवणीतला खेळ, अशा थाटात त्यांनी हे सगळं भूतकाळात लिहिलं आहे. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या आणि प्युरिटनांच्या, म्हणजे कडक धर्मशिस्तीच्या ख्रिस्ती पंथाच्या, काळात देशभर असले खेळ बंद पडले होते. इथेही निदान एकदा खंड पडला होता, आणि कुणीतरी शिंगं पुन्हा उतरवून सुरुवात केली होती. ‘अखंड’ परंपरेचं हे असं असतं.

राहिली शिंगं. लाकडी मुंडकी सोळाव्या-सतराव्या शतकातली मानतात. १९७६ मध्ये शिंगाच्या एका तुकड्याची कार्बन पद्धतीनं तपासणी झाली. वय निघालं इसवी सन १०६५ च्या आसपासचं, ऐंशी-एक वर्षं मागेपुढे. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं ते १०६६ मध्ये! आणि त्या काळी इंग्लंडात रानटी रेनडिअर नव्हतेच. शिवाय ही शिंगं माणसाळलेल्या, खच्ची केलेल्या जनावरांची. म्हणजे ती समुद्रापलीकडून, बहुधा स्कँडिनेव्हियातून आली. अकराव्या शतकात आली की पाचशे वर्षांनी कुणा व्यापाऱ्यानं जुना माल म्हणून विकली, याचा एकही कागद नाही. १२२६ च्या जत्रेत हा नाच पहिल्यांदा झाला, असं पाहुण्यांना नेहमी सांगितलं जातं. त्यालाही लेखी आधार नाही. शिंगं हजार वर्षांची आहेत म्हणून नाच हजार वर्षांचा, हा हिशोब म्हणजे पणजीची नथ घातली म्हणून नवरी शंभर वर्षांची.

तर फोटोत जे सगळ्यांत जुनं दिसतं ते कालचं आहे. जे खरोखर जुनं आहे, त्याचं वय फोटो काढणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि फोटो निघाल्यावर पाऊण शतकानं ते कळलं. यात स्टोन यांची लबाडी नाही. त्यांनी समोर होतं ते टिपलं, आणि प्रामाणिकपणे टिपलं. पडद्यांचे अंगरखेही त्यांनी लपवले नाहीत. पाहणारे चुकले, कारण आपल्याला काय दिसणार हे ते घरून ठरवून आले होते.

उभा राहिलेला नाच

आणखी एक अडचण आहे. फोटो नाचाचा, आणि नाचच त्यात नाही.

साडेसहा गुणिले साडेआठ इंचांची काच, तिपाईवरचा अवजड कॅमेरा, काळं कापड. १९०० पर्यंत काचा बऱ्याच जलद झाल्या होत्या, चालणारा माणूस टिपणं अशक्य नव्हतं. पण एवढ्या मोठ्या काचेवर बारा माणसं जवळून-लांबून सगळी ठळक हवीत, तर भिंगाचं तोंड बारीक ठेवावं लागतं, मग उजेड कमी पडतो, मग वेळ वाढतो, मग हलणारी शिंगं पुसट होतात. आणि पुसट फोटो संघटनेच्या हिशोबी रद्दच. म्हणून थांबा, ओळीत या, इकडे बघा. ज्या गोष्टीचा जीवच चालण्यात आहे ती थांबवून ठेवली, तेव्हा कुठे तिची नोंद झाली. नंतरच्या नाच-अभ्यासकांना फोटोपेक्षा पावलांचा आराखडा आणि सुरांची टिपणं जास्त उपयोगी पडली. सेसिल शार्प यांनी १९११ मध्ये हा नाच अशा आराखड्यासकट छापला.

पण थांबवल्यामुळे एक गोष्ट मिळाली, जी नाचताना कधी मिळाली नसती: माणसं. शिंगाखालून थेट आपल्याकडे बघणारा गडी. ओझं पेलताना घट्ट झालेली बोटं. शेतमजुराला त्या काळात स्टुडिओत जाऊन फोटो काढणं परवडत होतं, पण वर्षानुवर्षांत एखादाच, तोही रविवारच्या कपड्यांत. इथं तो सोंगात आहे, आणि तरीही सोंग गळून पडतं. ही चालरीत नामशेष होईल या भीतीनं फोटो काढला. चालरीत टिकली. ती माणसं आणि त्यांचं जग मात्र गेलं.

एक मुंबईचा धागा

माणसांना ओळीत उभं करून ‘नमुना’ म्हणून टिपायचं, ही रीत इंग्रजांनी आधी घरी वापरली नाही, बाहेर वापरली. मुंबईत विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरनं १८६३ ते १८६६ दरम्यान इथल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्याची युक्ती अशी, की माणसांचे गट एका जागी टिपायचे आणि त्यांच्यामागे दुसऱ्याच फोटोतलं मुंबईचं दृश्य जोडायचं. १८६८ पासून सरकारनं सगळ्या हिंदुस्थानातल्या लोकांचे फोटो आठ खंडांत छापले. नावं बहुतेकांची नाहीत, जात मात्र प्रत्येकाची आहे.

१८९२ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेनं हेच भिंग उलटं फिरवलं आणि खुद्द ब्रिटनच्या खेडुतांची अशीच पाहणी हाती घेतली: डोक्याची मापं, बोलीतले शब्द, रूढी आणि फोटो. स्टोन यांची संघटना त्यानंतर पाच वर्षांनी निघाली. म्हणजे अ‍ॅबट्स ब्रॉमलीच्या गड्याकडे बघणारी नजर आणि मुंबईच्या कोळ्याकडे बघणारी नजर एकाच घरातल्या. पण नमुना झाला तरी ब्रॉमलीचा गडी आपल्या गावात, आपल्या सोमवारचं सोंग घेऊन, स्वतःच्या जमिनीवर उभा आहे. त्याच्यामागे कुणी दुसरं दृश्य जोडलं नाही. आणि खासदारसाहेब परत गेले की संध्याकाळी गुत्त्यात तो त्यांची नक्कल करायला मोकळा होता. जॉन्सनच्या फोटोतल्या माणसाला एवढं सुख नव्हतं.

पुढे काय झालं

१९०५-०६ मध्ये स्टोन यांच्या निवडक फोटोंचे दोन खंड निघाले, पहिला सणसमारंभांचा, दुसरा पार्लमेंटचा. १९१० मध्ये राष्ट्रीय संघटना गुंडाळली गेली. कारण साधं: परगण्यापरगण्यातल्या हौशी मंडळांना आपले फोटो लंडनला पाठवण्यापेक्षा आपल्याच गावच्या ग्रंथालयात ठेवायचे होते. मला यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. स्टोन १९१४ च्या जुलैत गेले, महायुद्ध पेटायच्या महिनाभर आधी. त्यांचा स्वतःचा संग्रह बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात आहे, सुमारे २२,००० छापील फोटो आणि १४,००० काचेचे निगेटिव्ह. ब्रिटिश म्युझियममधला संघटनेचा साठा २००० साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे गेला. प्लॅटिनमनं आपला शब्द पाळला, प्रती आजही काळ्याभोर आहेत.

नाच चालू आहे. पोशाख त्यानंतर काही वेळा नव्यानं शिवले गेले, पण धाटणी तीच ठेवली, पाद्रीणबाईंनी घालून दिलेली. आता ती खरोखरच जुनी झाली आहे. मला वाटतं, स्टोन यांच्या फोटोचाही यात हात असावा. एकदा चित्र छापलं गेलं, लोकांनी पाहिलं, की ‘आमचा पोशाख असाच’ हे ठरून जातं, आणि मग फितीवाल्या रोजच्या कपड्यांत परत जायचं कुणाच्या मनात येत नाही.

सप्टेंबरच्या त्या सोमवारी आता शेकडो कॅमेरे आणि फोन असतात. नाचणारे कुणासाठी थांबत नाहीत, बघणाऱ्यांनीच त्यांच्यामागे चालायचं. आणि बाहेरगावी कुठे कार्यक्रम असला, तर जुनी शिंगं नेत नाहीत. त्यासाठी सांबरासारख्या तांबड्या हरणाच्या शिंगांचा वेगळा संच ठेवला आहे. हजार वर्षांची ती सहा शिंगं फेरी संपली की सेंट निकोलसच्या भिंतीवर चढतात आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत तिथंच लटकत राहतात.